'लीज अँड लीफ' (१९६९) : परंपरेचा शोध आणि परंपरेची घडण

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या लंडनच्या वाद्यवृंदाची 'लीज अँड लीफ' ही ध्वनिमुद्रिका इंग्लिश लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनातील महत्त्वाचा टप्पा मानली जाते. तथापि, पुनरुज्जीवन हा शब्द येथे कितपत सार्थ ठरतो, याचा विचार होणे आवश्यक आहे.

१९६७ मध्ये स्थापन झालेला हा वाद्यवृंद आरंभी अमेरिकन धर्तीचे रॉक संगीत सादर करीत असे. १२ मे १९६९ रोजी बर्मिंगहॅमहून परतताना एम-१ महामार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. त्यात १९ वर्षांचे ड्रमवादक मार्टिन लॅम्बल आणि गिटारवादक रिचर्ड थॉम्पसन यांची मैत्रीण असे दोघे मृत्युमुखी पडले. वाद्यवृंद विसर्जित करण्याचाही विचार झाला. अखेर जुनी गाणी बाजूस ठेवून नव्याने आरंभ करण्याचे ठरले. त्या उन्हाळ्यात हॅम्पशायरमधील फार्ली चेंबरलेन येथील एका घरात मंडळी एकत्र राहिली. व्हायोलिनवादक डेव्ह स्वारब्रिक आणि नृत्यगृहांतील वाद्यवृंदात वाजविलेले ड्रमवादक डेव्ह मॅटॅक्स हे दोघे याच काळात संचात आले. परंपरेकडे वळण्यामागे केवळ सांस्कृतिक अभिमान नव्हता; ताज्या दुःखातून बाहेर पडण्याची निकडही होती, हे सहसा दुर्लक्षिले जाते.

गीतांचा शोध मात्र खेड्यापाड्यांत झाला नाही. बासवादक ॲशली हचिंग्ज यांनी लंडनमधील सेसिल शार्प हाऊसच्या ग्रंथालयात बसून संग्रह धुंडाळले. 'टॅम लिन' आणि 'मॅटी ग्रोव्ह्ज' ही दोन्ही कथागीते हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या ३०५ कथागीतांच्या संग्रहात आढळतात. पैकी 'टॅम लिन' हे स्कॉटलंडच्या सीमाप्रदेशातील. तर 'मॅटी ग्रोव्ह्ज'साठी योजलेली चाल अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतभागातील 'शेडी ग्रोव्ह'ची. 'रेनार्डीन'चे गूढ रूप तर बव्हंशी ए. एल. लॉइड या विसाव्या शतकातील संग्राहकाच्या संस्करणातून आलेले. उलटपक्षी 'फेअरवेल, फेअरवेल'चे शब्द थॉम्पसन यांचे, चाल मात्र जुन्या 'विली ओ' विन्सबरी'ची. म्हणजे ज्याला इंग्लिश परंपरा म्हटले गेले, ती छापील ग्रंथ, परप्रांतीय चाली आणि नवी रचना यांच्या संयोगातून सिद्ध झाली होती. हे वैगुण्य मानण्याचे कारण नाही. मौखिक परंपरेतही प्रत्येक गायक ऐकलेल्यात भर घालीतच आला आहे. येथे ती भर विद्युत गिटारीने घातली, इतकेच. मुखपृष्ठाच्या आतील बाजूस चाइल्ड व शार्प यांची माहिती छापून वाद्यवृंदाने आपले ऋणही उघडपणे मान्य केले होते.

परंपरेचे प्रमाण किती असावे, यावर मात्र एकमत झाले नाही. हचिंग्ज यांना ते वाढवावयाचे होते, तर गायिका सँडी डेनी यांना स्वतःची गीते गावयाची होती. दोघेही बाहेर पडले. पुढे हचिंग्ज यांनी स्टीलआय स्पॅन, तर डेनी यांनी फॉदरिंगे हा संच उभारला. डिसेंबर १९६९ मध्ये ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली, तेव्हा ती घडविणारा संच विखुरला होता.