काचेत पैसा कोण घालतो? पैसा फंडापासून डेटा सेंटरपर्यंत

सध्या डेटा सेंटरमध्ये तांब्याच्या तारांऐवजी प्रकाशानं माहिती नेण्याची धडपड चालू आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या नव्या पदार्थांमागे गुंतवणूकदार लागले आहेत. आपल्या गोंदियातली मुलंही मोबाईलवर अशा कंपन्यांचे भाव बघतात. कुठला शेअर घ्यावा हे आम्ही सांगणार नाही, तो आमचा प्रांत नाही. पण पैसा एखाद्या पदार्थामागे धावतो तेव्हा शेवटी हाती काय राहतं, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुना आहे. तिथूनच सुरुवात करू.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागत होते. त्या काळी रुपयाचे पैसे 64. म्हणजे चौसष्ट माणसांनी हात सैल केला की कुठं एक रुपया जमायचा! लोकमान्य टिळकांनी या कामाला पाठबळ दिलं, आणि 1908 मध्ये या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना उभा राहिला. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं आले आणि मुलांना भट्टीजवळ उभं करून शिकवू लागले. पैसा देणाऱ्याला लाभांश मिळणार नव्हता, हे देणाऱ्यालाही ठाऊक होतं. परदेशी मालाशी टक्कर सोपी नव्हती. पण तिथं शिकलेली माणसं पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेली. व्याज म्हणा, नफा म्हणा, तो हा होता.

1916 मध्ये ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील घरोघर गेला. आपल्या गोंदियातही ओनामा ग्लास वर्क्स होतं. ओनामा म्हणजे अक्षरओळखीचा आरंभ. कारखान्याला याहून चांगलं नाव कोणतं असणार?

कंदिलाची काच प्रकाश बाहेर सोडते. फायबरची काच तो आत धरून ठेवते. आता हे जमणार कसं? 1966 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स काव यांनी सांगितलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग जरी प्रकाश उरला, तरी काम होईल. त्या वेळच्या काचेत तेवढा प्रकाश वीसेक मीटरमध्येच नाहीसा होई. 1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीतल्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. मोठं गिऱ्हाईक मात्र लगेच आलं नाही. एमसीआय या दूरध्वनी कंपनीची भली मोठी मागणी आली तेव्हा 1980चं दशक उजाडलं होतं. मधली दहा-बारा वर्षं कंपनी पैसा ओततच होती.

पुढे इंटरनेटची लाट आली आणि धीराची जागा घाईनं घेतली. 2000 मध्ये कॉर्निंगचा शेअर शंभर डॉलरच्या वर गेला. 2002 मध्ये तोच दीड डॉलरच्या खाली आला. कितीतरी दूरसंचार कंपन्या बुडाल्या, लोकांची पुंजी गेली. पण पुरलेली केबल कुणी उपटून नेली नाही. वर्षानुवर्षं अंधारात पडून राहिलेल्या त्याच काचेतून पुढे जगाचं स्वस्त इंटरनेट वाहिलं.

आता आजचं पाहू. डेटा सेंटरमध्ये हजारो चिप एकमेकींशी बोलत असतात. वेग वाढला की तांब्याच्या तारेत संकेत एक-दोन मीटरमध्येच क्षीण होतो आणि वीज वाया जाते. सिलिकॉन प्रकाश वाहून नेतं, पण स्वतः नीट प्रकाश देत नाही. म्हणून लेझरसाठी इंडियम फॉस्फाइड घ्यावं लागतं. प्रकाशाची अतिवेगानं उघडझाप करायला लिथियम नायोबेटचा पातळ थर किंवा सेंद्रिय पॉलिमर वापरण्याचे प्रयत्न आहेत. मार्च 2025 मध्ये एनव्हिडियानं प्रकाशाचे भाग चिपच्या शेजारीच बसवलेले स्विच जाहीर केले, आणि या सगळ्या नावांना बाजारात भाव आला. यातला लिथियम नायोबेट 1960च्या दशकापासून प्रयोगशाळांना माहीत आहे. पॉलिमरपुढचा जुना प्रश्न उष्णतेत वर्षानुवर्षं टिकण्याचा आहे. बातमी एका दिवसाची असते, पदार्थ पिकायला पिढी जाते.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एक जुना दाखला देतो. आपले नैयायिक म्हणतात, घड्याला माती लागते आणि कुंभारही लागतो. पैशानं माती विकत घेता येते, चाक विकत घेता येतं. कुंभार मात्र घडवावा लागतो. तळेगावच्या भट्टीनं नेमके कुंभार घडवले.

आणि आपण? छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथं स्टरलाइट टेक्नॉलॉजीज फायबर आणि त्याची काच बनवते. 2011 मध्ये मंजूर झालेली, आज भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठीच आहे. गोंदियाहून मुंबई सुमारे हजार किलोमीटर. काचेतून प्रकाशाला तिथं पोचायला पाच मिलिसेकंद लागतात. प्रकाश पोचतो, ज्ञान मागे राहतं. चर खणायचं काम गावात मिळतं, काच ओढायचं मिळत नाही. ही दरी शेअर घेऊन भरत नाही. भौतिकशास्त्राच्या वर्गात आणि आयटीआयच्या कार्यशाळेत भरते.

म्हणून मुलांनो, पैसा घाला किंवा घालू नका, तो तुमचा निर्णय. पण प्रत्येक वेळी एक विचारा: ही कंपनी उद्या बुडाली तर मागे काय उरेल? पैसा फंडाच्या मागे शिकलेली माणसं उरली. 2000च्या फुग्यामागे जमिनीतली काच उरली. आजची यंत्रं काही वर्षांतच जुनी होऊन बदलली जातात. त्यांच्यामागे माणसं उरणार नसतील, तर फक्त भंगार उरेल.

इथं थांबू. प्रश्न जरूर विचारा.