दूरशिक्षणाचा इतिहास आणि आपल्या जिल्ह्यातली मुले

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि जूनमध्ये शाळांचे नवे वर्ष बंद दारांआडच सुरू झाले. राज्याच्या शिक्षण विभागाने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला काढली. शिक्षक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘दीक्षा’ अ‍ॅपच्या लिंक टाकू लागले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घरात फोन असला तरी तो बहुधा एकच असतो आणि सकाळी बापाच्या खिशातून शेतावर किंवा बांधकामावर जातो. संध्याकाळी तो हाती येईपर्यंत मूल पेंगलेले असते. लिंक मात्र सकाळीच ‘पाठवली’ म्हणून नोंद झालेली असते.

आकडेही हेच सांगतात. ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. पण पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून अभ्यासाचे काही साहित्य मिळाले ते जेमतेम एक तृतीयांश मुलांना. यंत्र घरोघरी पोचत होते, शिक्षण त्याच्या मागे फार दूर होते.

ही अडचण आपल्याला नवी वाटली. वास्तविक तिचे उत्तर याच मराठी मुलखात १९५६ साली शोधले गेले होते. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे तो त्या प्रयोगात नव्हता. मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० खेडी मात्र होती. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतकऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवड्यांत २० कार्यक्रम प्रसारित केले. त्याला रेडिओ फार्म फोरम म्हणत. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली होती आणि घोषवाक्य होते ऐका, चर्चा करा, कृती करा.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. गावात वीसेक जणांचे मंडळ. त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. सगळ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, तो संपला की संच बंद करून आपसांत बोलायचे. आपल्या गावाला हे लागू पडते का? पडत असेल तर काय करायचे? जे प्रश्न सुटत नसत ते निमंत्रक केंद्राकडे लिहून पाठवी आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर मिळे.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी मंडळ असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना केली. मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. म्हणजे आवाज तोच, विषय तेच, फरक पडला तो एकत्र बसून बोलण्यामुळे.

पुढे उपग्रह आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रयोगातून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम थेट पोचले. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. तिथेही जाणत्यांनी संचावर सगळा भार टाकला नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये प्राथमिक शिक्षकांना १२ दिवसांचे विज्ञानाचे प्रशिक्षण दिले, तेव्हा दूरदर्शनच्या जोडीला रेडिओ, छापील पुस्तिका, हाताने करायचे प्रयोग आणि समोर बसलेल्या मार्गदर्शकाबरोबर चर्चा ठेवली होती.

आपल्या वाचकांना यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. मशिदीत उस्तादाभोवती गोल करून बसण्याला हल्का म्हणतात. त्यात ऐकणे हे अर्धेच काम असते. मकतबात आजही आधी कालचा सबक ऐकवावा लागतो, तो बरोबर असला तरच पुढचा मिळतो. जुन्या काळी एखादा ग्रंथ शिकवण्याची इजाजतही अनेकदा शिष्याने तो गुरूसमोर वाचून दाखवल्यावर मिळे. सबक दिला म्हणजे तो पोचला, असे उस्ताद धरून चालत नसे.

२०२० मध्येही असे मार्ग काढणारे होते. सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांनी घरातल्या माणसांबरोबर आणि आजूबाजूच्या वस्तूंतून शिकावे, असे तिचे स्वरूप होते. तिला स्मार्टफोन लागत नव्हता. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले आणि मुले भोवती बसून शिकली. सोलापुरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. हे सगळे मार्ग अपुरे होते, पण मुलाला एकटे सोडत नव्हते.

आता टाळेबंदी संपली आहे. शाळांत टॅब, स्मार्ट बोर्ड आणि नवनवी अ‍ॅप येत आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही. दूरच्या गावातल्या मुलीला चांगल्या शिक्षकाचा आवाज ऐकायला मिळत असेल तर ती नेमतच आहे. पण आपल्या जिल्ह्यात घरी कोलामी बोलणारी मुले आहेत, तांड्यावर गोरमाटी बोलणारी आहेत, पुसद, उमरखेड, दिग्रसला उर्दू शाळांत शिकणारी आहेत. प्रमाण मराठीतला एकच व्हिडिओ या सगळ्यांना सारखा कळेल असे मानणे म्हणजे मंडळाशिवाय रेडिओ वाटणे आहे.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या पालकांना माझी विनंती आहे. नवी योजना आली की संच किती मिळाले एवढ्यावर थांबू नका. धडा पाहताना मुलाजवळ कोण बसणार, ते मुलाच्या भाषेत बोलणार का, त्याचा प्रश्न कुणाकडे जाणार आणि उत्तर किती दिवसांत परत येणार, हे विचारा आणि सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. मोहल्ल्यात, तांड्यावर, पोडावर बारावी झालेली मुले-मुली आहेत. १९५६ च्या निमंत्रकाचे काम त्यांना सहज करता येईल. त्यासाठी रोज अर्धा तास, एक सतरंजी आणि एक फोन पुरेसा आहे.