किती, कुठे आणि का : अंतराळ स्थानकातील हवागळतीचा इतिहास

घाणेवाडीच्या पाण्यावर वाढलेल्या आपणा जालनेकरांना गळती म्हणजे काय, हे सांगायला नको. रस्ता ओला दिसला की पाइप फुटला. सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि बुडबुडे आले, की पंक्चर सापडलं. पण जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर फिरणाऱ्या स्थानकाचं काय? आतली हवा दिसत नाही, बाहेर पोकळी, आणि बुडवायला घमेलं नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आम्हाला या इतिहासात तीन प्रश्न दिसतात : किती गळतं, कुठे गळतं आणि का गळतं. यांची उत्तरं एकदम मिळत नाहीत.

२५ जून १९९७ रोजी रशियाच्या 'मीर' स्थानकावर 'प्रोग्रेस' हे मालवाहू यान आदळलं. आत त्सिब्लिएव्ह, लाझुत्किन आणि अमेरिकेचे मायकेल फोल होते. दाब उतरू लागला. भोक 'स्पेक्टर' या भागाला पडलंय हे लगेच कळलं, पण त्याच्या दारातून केबली गेलेल्या! काही सोडवल्या, काही कापल्या, तेव्हा कुठे दार बंद झालं. जीव वाचले, बरीचशी वीज गेली. म्हणजे 'का' माहीत होतं, खोलीही माहीत होती. नेमकं भोक मात्र पुढे शोधूनसुद्धा सापडलं नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ऑगस्ट २०१८ मध्ये उलटं घडलं. रात्री दाब किंचित घटताना दिसला. तातडीचा धोका नव्हता, म्हणून झोपलेल्या सहा जणांना उठवलं नाही. सकाळी शोध सुरू झाला आणि तिथे जोडलेल्या सोयुझ यानात सुमारे २ मिलिमीटरचं भोक सापडलं. गॉझ आणि इपॉक्सीने ते बुजवलं. भोक ड्रिलने पाडल्यासारखं दिसत होतं. ते कोणी, कधी पाडलं, याचं सर्वांना मान्य होईल असं उत्तर काही पुढे आलं नाही.

तिसरी गळती सर्वांत चिवट. सप्टेंबर २०१९ पासून हवा नेहमीपेक्षा जरा जास्त जात होती. 'किती' कळत होतं, 'कुठे' नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तिघे अंतराळवीर काही दिवस रशियन भागात राहिले, सगळी दारं लावून घेतली आणि प्रत्येक खोलीचा दाब वेगळा मोजला. आपल्या न्यायदर्शनात याला 'शेषवत्' अनुमान म्हणतात : शक्यता एकेक करून बाद करायच्या, उरेल ते उत्तर. पहिल्या खेपेला त्यानेही भागलं नाही. पुन्हा तपासण्या झाल्या तेव्हा संशय 'झ्वेझ्दा' या भागावर आला.

ऑक्टोबरमध्ये अनातोली इवानिशिन यांनी झ्वेझ्दाच्या टोकाच्या छोट्या खोलीत चक्क चहाची पत्ती सोडली. वजनरहित अवस्थेत ती तरंगत भेगेकडे सरकली आणि हे कॅमेऱ्यात दिसलं. धुरावरून अग्नी ओळखतात, तशी पत्तीवरून भेग ओळखली. वर कॅप्टॉन टेप चिकटवली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याच खोलीतून हवा जातच राहिली. एप्रिल २०२४ मध्ये दिवसाला सुमारे १.७ किलो, म्हणजे तोवरची सर्वाधिक, गळती नोंदली गेली. भेगा का पडतात यावर दोन देशांचे तज्ज्ञ एकमत नव्हते. रशियन तज्ज्ञांचा भर सूक्ष्म कंपनांमुळे धातू थकण्यावर. अमेरिकन तज्ज्ञांच्या मते दाब, ताण, धातूचे गुणधर्म अशी अनेक कारणं एकत्र आलेली. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांचं उड्डाण वारंवार पुढे गेलं, त्यामागच्या कारणांत ही गळतीही होती. अखेर ते २५ जूनलाच निघाले. 'मीर'च्या अपघाताला त्या दिवशी बरोबर २८ वर्षं झाली होती.

ठिगळ लावायला 'कुठे' पुरतं. निर्धास्त झोपायला 'का' कळावं लागतं. ते कळेपर्यंत काय करायचं? काम नसेल तेव्हा त्या खोलीचं दार लावून ठेवायचं आणि दाब मोजत राहायचं. तिथे हेच केलं गेलं. आम्हाला त्यात हार दिसत नाही. आपल्याला कळलेलं नाही हे मान्य करून सावधपणे जगणं, हेही ज्ञानच आहे.

आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.