मराठी पत्रं, याद्या आणि नोटिसा स्क्रिप्टने कशा बनवायच्या? आधी अक्षरं तपासा!

मी वाईत राहतो आणि छोट्या संस्थांची रोजची कागदपत्रांची कामं संगणकावर बसवून देतो. पतसंस्था, हौसिंग सोसायट्या, शाळा. सगळीकडे एकच प्रश्न असतो: "तेच पत्र चारशे जणांना पाठवायचंय, फक्त नाव, पत्ता आणि रक्कम बदलते. काही सोपं करता येईल का?"

येतं. पण मराठीत हे काम करताना स्क्रिप्ट लिहिणं हा सोपा भाग असतो. अवघड भाग असतो तो अक्षरांचा. या लेखात आपण दोन्ही पाहू.

स्क्रिप्ट म्हणजे नेमकं काय?

तुम्ही हाताने ज्या पायऱ्या करता, त्या क्रमाने लिहून ठेवलेली सूचनांची यादी म्हणजे स्क्रिप्ट. कार्यालयीन कामासाठी चार पर्याय पुरतात.

१. मेल मर्ज: वर्डमध्ये पत्राचा नमुना, एक्सेलमध्ये यादी. प्रोग्रामिंग अजिबात नाही. सुरुवात इथूनच करा.

२. मॅक्रो: एक्सेलमध्ये ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबून काम एकदा करून दाखवायचं, पुढच्या वेळी ते एका बटणावर होतं. मागे व्हीबीए भाषेत कोड तयार होतो. मात्र कुणी पाठवलेली मॅक्रोची फाइल डोळे झाकून उघडू नका, त्यातून व्हायरस येतात. म्हणूनच इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली.

३. गूगल ॲप्स स्क्रिप्ट: शीटमधली एकेक ओळ वाचायची, नमुना डॉक्युमेंटची प्रत काढायची, रिकाम्या जागा भरायच्या, पीडीएफ करून ईमेल करायचं.

४. पायथॉन: मोठ्या याद्या, जुळवाजुळव आणि तपासणीसाठी. फुकट आहे आणि साध्या संगणकावरही चालतं.

वाईकडून शिकण्यासारखं

वाई म्हटलं की घाट आणि ढोल्या गणपती आठवतो, पण मराठी विश्वकोशाचं कार्यालयही इथेच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली आला आणि पुढे खंडांची संख्या २० झाली. पहिल्या खंडातल्या नोंदी आहेत ‘अंक’ ते ‘आतुरचिकित्सा’.

आता गंमत बघा. शाळेत आपण बाराखडी म्हणतो तेव्हा ‘अं’ येतो ‘औ’च्या नंतर. त्या हिशेबाने ‘अंक’ बराच मागे जायला हवा होता. पण कोशात तो सगळ्यात पुढे आहे. म्हणजे अकारविल्हे क्रम आपोआप ठरत नाही, तो कुणीतरी ठरवावा लागतो आणि मग शेवटपर्यंत पाळावा लागतो. स्क्रिप्टचंही अगदी तसंच आहे. तुम्ही नियम ठरवला नाही, तर संगणक स्वतःचा लावतो.

संगणकाचा क्रम कुठे चुकतो?

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. साधी स्क्रिप्ट या क्रमांकांनुसार यादी लावते. तिथे ‘ळ’ला ‘ल’च्या नंतर, ‘व’च्या आधी जागा दिलेली आहे. आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर. त्यामुळे संगणक लावतो काळे, कावरे, कासार. आपल्याला हवं असतं कावरे, कासार, काळे.

दुसरं उदाहरण ‘ॲड.’चं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि त्याला ‘ह’च्या बऱ्याच पुढचा क्रमांक मिळाला. म्हणून सभासद यादीतले सगळे वकील थेट तळाला जाऊन बसतात!

पायथॉनमध्ये यावर उपाय म्हणजे आयसीयू ही लायब्ररी. तिला भाषा मराठी सांगितली की ती मराठीचे नियम लावते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी घ्यायचे की ‘क’ आणि ‘ज’मध्ये, हे मात्र संस्थेत एकदा विचारून लिहून ठेवा. दोन्ही पद्धती चालतात.

दिसतं एक, असतं वेगळं

ही सगळ्यात त्रासदायक गोष्ट. ‘ॲड.’ हा शब्द एकाने थेट ‘ॲ’ वापरून टाइप केला, दुसऱ्याने ‘अ’ला चंद्र जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते वेगळे शब्द. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’सुद्धा दोन प्रकारे लिहिला जातो. शिवाय जोडाक्षरांसाठी वापरलेली न दिसणारी चिन्हं आणि नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा असतेच.

परिणाम काय होतो? समजा, एका यादीत सभासदाचं नाव आहे आणि दुसऱ्या यादीत त्याने भरलेला हप्ता. स्क्रिप्ट नावावरून दोन्ही जुळवते. नाव जुळलं नाही, तर हप्ता भरलेल्या माणसाला थकबाकीची नोटीस जाते. गावात अशी नोटीस पोस्टमनच्या हातून येते, शेजारीही बघतात. हा नुसता तांत्रिक दोष राहत नाही.

युनिकोडचं ‘नॉर्मलायझेशन’ काही फरक मिटवतं, पण वरचे दोन्ही मिटवत नाही. त्यासाठी शोधा-आणि-बदला असे स्वतःचे नियम लिहावे लागतात. आणि सगळ्यात चांगला उपाय: जुळवणी नावावरून करूच नका, सभासद क्रमांकावरून करा.

आकड्यांची भानगड

एक्सेलच्या रकान्यात काही रकमा ५००० अशा देवनागरीत आणि काही इंग्रजी अंकांत असतील, तर देवनागरी आकडे बहुतेक वेळा मजकूर समजले जातात. ‘सम’ सूत्र मजकूर गाळून उरलेली बेरीज देतं. एरर येत नाही, बेरीज गुपचूप कमी येते. म्हणून साठवताना सगळे अंक इंग्रजीत ठेवा आणि छापताना स्क्रिप्टकडून देवनागरी करून घ्या.

स्वल्पविरामही पाहा. पायथॉन आपणहून हजार-हजारांचे गट करतं, म्हणजे १२५,०००. आपल्याला हवं १,२५,०००. मेल मर्जमध्ये तारीख कधी कधी महिना आधी अशी उलटी येते. यावर सोपा उपाय: एक्सेलमध्येच ‘टेक्स्ट’ फंक्शनने तारखेचा आणि रकमेचा वेगळा रकाना करा आणि पत्रात तोच वापरा.

जुन्या फाइलींचं काय?

कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमधला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचा असतो, मराठी फक्त फाँटमुळे दिसतं. त्यावर शोध किंवा क्रमवारी चालणार नाही. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. नंतर पहिली वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांनी तपासा, कारण गडबड बहुधा तिथेच होते. सीएसव्ही फाइल सेव्ह करताना ‘यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं मिळतील.

पाठवण्याआधी चार तपासण्या

सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्टमध्ये सगळीकडे घाई असते. घाईतही एवढं कराच.

१. यादीतल्या ओळी आणि तयार झालेली पत्रं यांची संख्या सारखी आहे का?

२. पत्रांतल्या रकमांची बेरीज खतावणीशी जुळते का?

३. न जुळलेल्या नावांची वेगळी यादी स्क्रिप्टने काढून दिली का? ती स्क्रिप्टने गपचूप गाळता कामा नये.

४. ळ, ऱ्ह, ॲ असलेली दहा पत्रं काढून कुणीतरी वाचली का?

चौथी तपासणी मी संस्थेतल्या जुन्या कारकुनालाच करायला सांगतो. त्याला कोड येत नाही, पण कोणते काळे कर्जदार आणि कोणते जामीनदार, हे त्याला तोंडपाठ असतं. चारशे पत्रं टाइप करण्यातून तो सुटला, तर हे बघायला त्याला वेळ मिळतो. स्क्रिप्ट बसवायची ती याचसाठी.