थोरवीचा एक ग्रीक शब्द आणि मराठीतले लहानथोर

ग्रीक नव्या करारात 'मेगालेइओतेस' हे नाम फक्त तीन वेळा येते. शब्दकोशात त्याचा अर्थ एका ओळीत उरकतो : मोठेपणा, थोरवी, ऐश्वर्य. पण ही तीन स्थळे शेजारी शेजारी ठेवून वाचली, आणि मग त्यांच्यासाठी मराठीने कोणकोणते शब्द वापरले ते पाहिले, तर भाषांतराच्या इतिहासातला एक जुना प्रश्न समोर उभा राहतो. देवाचे मोठेपण आणि माणसाचे मोठेपण यांसाठी एकच शब्द वापरावा की दोन? ग्रीकला हा प्रश्न पडला नाही. मराठीला पडला, आणि त्याचे उत्तर देताना मराठीने काही गमावले, काही अनपेक्षितपणे कमावलेही.

प्रथम शब्दाचे कुळ पाहू. 'मेगालेइओतेस'च्या मुळाशी 'मेगास' म्हणजे 'मोठा' हे अगदी रोजच्या व्यवहारातले विशेषण आहे. मोठा दगड, मोठा आवाज, मोठा राजा, सर्वांना तेच. संस्कृतातील 'महत्' आणि 'महा' हे याच 'मेगास'चे सख्खे भाऊबंद. दोन्हींचे इंडो-युरोपीय मूळ एकच. याचा अर्थ असा की ग्रीक नवा करार मराठीत आणू पाहणाऱ्या माणसाला या शब्दापुरता तरी परका शब्द शोधायचा नव्हता. महिमा, महत्त्व, माहात्म्य ही सारी नात्यातलीच मंडळी. अडचण एवढीच, की हे नातेवाईक दोन-अडीच हजार वर्षे दुसऱ्या घरात नांदले होते आणि त्या घराचे संस्कार त्यांच्या अंगी पुरते मुरले होते.

आता ती तीन स्थळे. पहिले लूकच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात. येशू तीन शिष्यांना घेऊन डोंगरावर जातो, तेथे त्याचे रूप पालटते. दुसऱ्या दिवशी खाली उतरल्यावर एक बाप आपल्या एकुलत्या, झटके येणाऱ्या मुलाला घेऊन गर्दीतून ओरडत पुढे येतो. मुलगा बरा होतो, बापाच्या हाती सोपवला जातो, आणि देवाची 'मेगालेइओतेस' पाहून लोक थक्क होतात. दुसरे स्थळ प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात. इफिस शहरातला देमेत्रिय सोनार अर्तमी देवीचे रुपेरी देव्हारे घडवून विकतो. पौलाच्या उपदेशामुळे धंदा बसेल या भीतीने तो आपल्या व्यवसायबंधूंना जमवतो आणि देवीची 'मेगालेइओतेस' लयाला जाईल असा इशारा देतो. मग जमाव सुमारे दोन तास एकच घोषणा देत राहतो. त्या घोषणेत 'मेगास'चेच स्त्रीलिंगी रूप आहे. तिसरे स्थळ पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात. आम्ही चतुराईने रचलेल्या कथांच्या मागे लागलो नाही, त्याची 'मेगालेइओतेस' आम्ही डोळ्यांनी पाहिली, असे तेथे म्हटले आहे, आणि संदर्भ पुन्हा त्या डोंगरावरच्या रूपांतराचाच आहे.

म्हणजे एकच नाम डोंगराच्या माथ्यावरच्या तेजाला, डोंगराच्या पायथ्याशी बऱ्या झालेल्या मुलाला आणि एका गजबजलेल्या व्यापारी शहरातल्या देवीच्या नावलौकिकाला लागले आहे. पहिली दोन स्थळे परंपरेने एकाच लेखकाची, लूकची, मानली जातात. देवासाठी वापरलेला शब्द तो अर्तमीच्या भक्ताच्या तोंडी घालायला कचरत नाही. शब्द पवित्र आहे की नाही, हे शब्दावर ठरत नाही. तो कोण, कशासाठी उच्चारतो यावर ठरते.

या कुळातील इतर शब्दही ध्यानात घ्यायला हवेत. 'मेगालोसिने' इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात दोनदा येतो. तेथे तो देवाचे नाव न घेता देवाकडे निर्देश करण्याचा आदरार्थी मार्ग आहे, मराठीत आपण 'सरकार' किंवा 'महाराज' म्हणतो तसा. यहूदाच्या पत्राच्या शेवटी स्तवनात तोच शब्द आहे. 'मेगालेइया' म्हणजे देवाची मोठी कृत्ये. पन्नासाव्या दिवशी निरनिराळ्या देशांचे लोक ती आपापल्या भाषेत ऐकतात, असे प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय सांगतो. आणि मरीयेच्या गीताचे पहिलेच क्रियापद याच धातूचे : 'मोठे करणे', 'थोर मानणे'. लॅटिन भाषांतरातल्या त्याच क्रियापदावरून त्या गीताला 'माग्निफिकात' हे नाव पडले.

हे सारे मराठीत येण्याच्या इतिहासात रत्नागिरी जिल्ह्याला एक कोपरा आहे. सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट १७५६पासून इंग्रजांकडे होते. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल तेथे आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै येथे शाळा चालवल्या आणि मराठी शिकून घेतले. त्यांच्यातील जॉन स्टीव्हन्सन यांनी १८३३ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे सामवेदसंहितेचे इंग्रजी भाषांतरही केले. वैदिक 'महस्' आणि ग्रीक 'मेगास' ही दोन्ही ज्याच्या अभ्यासात एकत्र आली असा हा माणूस कोकणच्या किनाऱ्यावर मराठी शिकला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

अर्थात मराठीत ख्रिस्तकथा याच्या कितीतरी आधी आली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले. पण ते भाषांतर नव्हते, ओवीबद्ध पुनर्कथन होते. त्यामुळे स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याची मोकळीक स्टीफन्सना घेता आली. शब्दाला शब्द देण्याची जबाबदारी एकोणिसाव्या शतकातल्या भाषांतरकारांवर पडली. सेरामपूरहून विल्यम केरी यांचा मराठी नवा करार १८११ साली निघाला, मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ साली.

या भाषांतरकारांपुढे जे शब्द होते त्यांतील एकही कोरा नव्हता. 'माहात्म्य' घ्या. कोकणी वाचकाला 'माहात्म्य' म्हणजे आधी एक वाङ्मयप्रकार आठवतो : क्षेत्राचे, तीर्थाचे, व्रताचे माहात्म्य. परशुरामाने समुद्र हटवून कोकणभूमी निर्माण केली ही कथा ज्यात येते त्या सह्याद्रिखंडाभोवती अशा क्षेत्रमाहात्म्यांचा मोठा गोतावळा आहे. देमेत्रिय सोनाराच्या तोंडी 'माहात्म्य' हा शब्द चपखल बसतो. देवस्थान, त्याचा लौकिक आणि त्यावर चालणारी दुकाने हे सारे त्यात येते. पण तोच शब्द बऱ्या झालेल्या मुलाशेजारी ठेवला की जड होतो. 'महिमा' अधिक सोपा, गाण्यात रुळलेला. पण अष्टसिद्धींमध्ये 'महिमा' ही एक सिद्धी आहे, योग्याने हवे तेवढे विशाल होण्याची. 'ऐश्वर्य' हे ईश्वराचे भाववाचक नाम, भगवंताच्या सहा गुणांतील एक. बोलीत मात्र त्याचा अर्थ संपत्तीकडे झुकतो.

प्रचलित मराठी बायबलने या शब्दांची वाटणी केलेली दिसते. पेत्राच्या पत्रात 'ऐश्वर्य' आहे, पन्नासाव्या दिवशीच्या प्रसंगात 'महत्कृत्ये', आणि मरीयेच्या गीतात व अर्तमीच्या घोषणेत 'थोर'. प्रत्येक निवड आपापल्या जागी समर्थनीय आहे. डोंगरावरच्या तेजाला 'ऐश्वर्य' शोभतेच. पण वाटणी झाली की धागा दिसेनासा होतो. मूळ ग्रीक ऐकणाऱ्याला एकाच धातूचा नाद पुन्हा पुन्हा कानी पडत होता. मराठी वाचकाला ही वेगवेगळी कुळे वाटतात. संस्कृतप्रचुर, वेदान्ताच्या वळणाच्या शब्दांविषयी पंडिता रमाबाईंना जी अस्वस्थता होती, ती या पार्श्वभूमीवर समजून घेता येते. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायांना कळावे म्हणून साध्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. त्यांचे निधन १९२२ साली झाले. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

धागा तुटल्याने काय बिघडते, हे लूकच्या नवव्या अध्यायातच दिसते. देवाच्या 'मेगालेइओतेस'ने लोक थक्क झाल्यानंतर अवघ्या तीन वचनांनी शिष्यांमध्ये वाद सुरू होतो : आपल्यात मोठा कोण? येथे 'मेगास'चे तरभावदर्शक रूप 'मेइझोन' आहे. येशू एका मुलाला जवळ उभे करतो आणि तुम्हांमध्ये जो सर्वांत लहान तोच 'मेगास', असे सांगतो. देवाचे मोठेपण नुकतेच एका मुलाच्या रूपाने बापाच्या हाती आले होते. शिष्यांच्या मोठेपणाच्या भांडणाला उत्तर म्हणून पुन्हा एक मूलच उभे केले जाते. ग्रीकमध्ये ही रचना शब्दांनीच जोडलेली आहे. मराठीत वर 'महिमा' किंवा 'ऐश्वर्य' आणि खाली 'मोठा' असे घातले, की हे दोन वेगळे प्रसंग होतात.

पण मराठीची जमेची बाजूही इथेच आहे. ग्रीक 'मेइझोन'चा एक अर्थ 'वयाने मोठा' असाही होतो. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात एसाव आणि याकोब यांच्याविषयी तो त्याच अर्थाने येतो. लूकच्या बाविसाव्या अध्यायात तर 'मेइझोन'ला धाकट्यासारखे व्हायला सांगितले आहे. इंग्रजीला येथे 'थोर' आणि 'वडील' यांपैकी एक अर्थ सोडावा लागतो. मराठीला लागत नाही. मोठा भाऊ, थोरली जाऊ, थोरली पाती, धाकटी पाती, लहानथोर : आपल्या भाषेत मोठेपण आधी घरातले असते, पंगतीतले आणि वाटणीतले असते. 'थोर'ची व्युत्पत्तीही अशीच जमिनीवरची. संस्कृत 'स्थूर', 'स्थूल', प्राकृत 'थोर', म्हणजे मुळात अंगाने भरीव. 'थोरल्याने धाकटे व्हावे' हे वाक्य एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला जेवढे टोचेल तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणाला टोचेल. थोरल्याने काय सोडायचे आहे, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

ज्या परंपरेत हे टोचणे आधीच शब्दबद्ध झाले होते, ती वारकऱ्यांची. देवाकडे लहानपण मागणारा तुकोबांचा अभंग सर्वांना ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. या उद्गारातला 'पूल' सहसा भक्तिभावाचा समजला जातो. तो शब्दांचाही होता. मोठेपण आणि लहानपण यांची उलटापालट करणारी मराठी टिळकांना तुकोबांकडून तयार मिळाली होती. ती मिशनच्या भाषांतर-समितीला घडवावी लागली नाही. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापला. दरबार हा तर राजवैभवाचा शब्द. पण या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. 'मेगालोसिने'ला टिळकांनी दिलेले हे मराठी नाव म्हटले, तर फारसे चुकणार नाही.

मग एकच शब्द निवडायचा झाला तर? 'थोरवी' हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. देवाची थोरवी, देवीची थोरवी, आणि पुढच्याच परिच्छेदात 'थोर कोण?' असे म्हणता येते. धागा शाबूत राहतो. पेत्राच्या पत्रात तो थोडा फिका पडेल, कारण तेथील तेज 'ऐश्वर्य'मध्ये अधिक आहे. हा तोटा पत्करावा असे मला वाटते. लूकने डोंगराचा माथा आणि पायथा एका अध्यायात मुद्दाम शेजारी ठेवले आहेत, आणि 'मेगालेइओतेस' हा शब्द त्याने पायथ्यासाठी राखून ठेवला आहे : गर्दीत, धुळीत, एका बापाच्या हातात परत आलेल्या मुलासाठी.