विठ्ठल रामजी शिंदे यांचे इंग्लंड : एका संस्थेचे आणि एका शब्दाचे स्थलांतर

इंग्लंडास जाऊन आलेल्या जुन्या मराठी प्रवाशांच्या लेखनात जे इंग्लंड भेटते, ते बहुतांशी सत्तेचे आणि वैभवाचे इंग्लंड होय. पार्लमेंट, ब्रिटिश म्युझियम, आगगाड्या, गिरण्या आणि लंडनची गर्दी यांच्या वर्णनात प्रवाशाची लेखणी रमते. राज्यकर्त्यांच्या देशात राज्याच्या छायेबाहेर राहिलेले लोकही असतील, त्यांचे स्वतंत्र धर्मजीवन आणि स्वतंत्र संस्था असतील, हे ध्यानात येण्यास प्रवाशाची दृष्टी थोडी निराळी असावी लागते. पंडिता रमाबाईंजवळ ती होती. १८८३ मध्ये त्या वाँटेज येथील भगिनीसंघात राहिल्या आणि लंडनमधील फुलहॅम येथे त्या भगिनींनी पतित मानलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम त्यांनी पाहिले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात उभ्या राहिलेल्या कृपासदनाचे एक मूळ तेथे शोधता येते. तथापि अधिक दूरगामी आणि अधिक वादग्रस्त ठरलेले उदाहरण विठ्ठल रामजी शिंदे यांचे आहे.

शिंदे १९०१ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघाले व ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे राहिले. हे ऑक्सफर्डमधील कॉलेज असले, तरी त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठाचे कॉलेज नव्हते. त्याची स्थापना १७८६ मध्ये मँचेस्टर येथे झाली. राजमान्य चर्चच्या धर्मकलमांस मान्यता दिल्यावाचून ऑक्सफर्डचे दार उघडत नसल्यामुळे वेगळ्या मताच्या लोकांना स्वतःची विद्यालये काढावी लागत, त्यांपैकी हे एक. यॉर्क, पुन्हा मँचेस्टर, लंडन असा प्रवास करीत ते १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आले. विद्यापीठांतील धार्मिक अटी १८७१ च्या कायद्याने मोठ्या प्रमाणावर दूर झाल्या होत्या. या कॉलेजाशी निगडित असलेला युनिटेरियन पंथ ईश्वराचे त्रैरूप्य मानीत नाही, आणि ते नाकारणे इंग्लंडात १८१३ पर्यंत कायद्याने गुन्हा होता. सारांश, ज्या इंग्रजांनी या मराठी तरुणास आश्रय दिला, ते स्वदेशातच कित्येक पिढ्या उंबरठ्याबाहेर ठेवलेले इंग्रज होते.

शिंदे प्रार्थनासमाजाचे. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या विद्वानांपाशी तौलनिक धर्माभ्यास व बौद्ध धर्माचा अभ्यास करावा, हा त्यांच्या प्रवासाचा प्रकट हेतू. सुबोधपत्रिकेकडे ते प्रवासाची पत्रेही धाडीत. परंतु ग्रंथालयाबाहेर त्यांनी जे पाहिले, त्याचे फळ अधिक टिकाऊ ठरले. युनिटेरियन मंडळींनी शहरांतील दरिद्री वस्त्यांत ‘डोमेस्टिक मिशन’ नावाची कामे चालविली होती. बोस्टनच्या जोसेफ टकरमन यांची ही मूळ कल्पना. १८३३ नंतरच्या काही वर्षांत ती मँचेस्टर, लंडन, लिव्हरपूल, ब्रिस्टल येथे रुजली. मिशनच्या माणसाने गरिबाच्या घरी जावे, त्याच्याशी स्नेह जोडावा, मुलांना शिकवावे, आणि पंथांतराचा आग्रह धरू नये, असा तिचा रोख होता. लिव्हरपूलचे पहिले मिशनरी जॉन जॉन्स हे १८४७ च्या साथीत तापाच्या रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः मृत्यू पावले. भव्य इमारतींच्या वर्णनात न सापडणारे इंग्लंड ते हेच.

शिंदे १९०३ च्या अखेरीस परतले. १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य बांधवांची रात्रीची सभा पाहून त्यांचा निश्चय झाला आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ सुरू झाले. शिक्षण, नोकऱ्या, सामाजिक अडचणींचे निवारण आणि सार्वत्रिक धर्म व शील यांचा प्रसार, हे त्याचे उद्देश. हा सारा आराखडा इंग्लंडाहून आला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फुल्यांच्या शाळा आधीच्या होत्या. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी चालविलेल्या अंत्यजांच्या शाळाही शिंदे यांनी पाहिल्या होत्या. पण पंथांतर न करता वस्तीत जाऊन राहण्याची जी रीत आणि संस्थेची जी घडण, तिच्यावर डोमेस्टिक मिशनची छाप स्पष्ट दिसते.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘मिशन’ हा शब्द मराठीने जसाच्या तसा घेतला. अशा शब्दांचे मूळ बोलणाऱ्यास उकलावे लागत नाही. सोनेगाव विमानतळालगतच्या प्रकल्पाच्या लांबलचक इंग्रजी नावाची अक्षरे जुळवून झालेले ‘मिहान’ आज नागपूरकरांच्या तोंडी खापरी-शिवणगावाइतकेच स्वाभाविक झाले आहे. ‘डिप्रेस्ड क्लासेस’चे मात्र भाषांतर करावे लागले. मराठी नाव ठरले ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’. ‘डिप्रेस्ड’ हे कर्मणि भूतकृदंत आहे. दाबले गेलेले, म्हणजे कोणीतरी दाबलेले. ‘निराश्रित’ या शब्दात तो कोणीतरी नाहीसा होतो. आश्रय नाही एवढेच कळते, आणि उपाय म्हणून आश्रयदाता आपोआप सुचतो. पाठोपाठ ‘साह्यकारी’ येतो तो याच न्यायाने. भाषांतरकाराच्या सद्भावाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. किंबहुना तो सद्भावच या शब्दात उतरला आहे. लिव्हरपूलच्या गल्लीत भेट देणारा व भेट घेणारा यांच्यामध्ये वर्गाची भिंत होती. येथे ती जातीची होती, आणि ती केवळ स्नेहाच्या भेटीने ओलांडता येण्याजोगी नव्हती.

हा फरक नागपुरात उघड झाला. ३० मे १९२० पासून तीन दिवस येथे शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, अशी सूचना मिशनच्या बाजूने पुढे आली होती. ज्या सभासदांत स्पृश्यांचेच बाहुल्य, त्यांनी अस्पृश्यांचा प्रतिनिधी ठरवावा, यातील विसंगतीवर डॉ. आंबेडकरांनी बोट ठेवले आणि परिषदेने त्या सूचनेविरुद्ध मत नोंदविले. परिषदेच्या नावातील ‘बहिष्कृत’ हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तो पुन्हा कर्मणि भूतकृदंत आहे. बहिष्कार घालणारा कर्ता त्याच्या आड उभा असतो आणि तो कोण, हे विचारल्यावाचून राहवत नाही. इंग्रजी शब्दातील जो अंश ‘निराश्रित’ने गाळला होता, तो या शब्दाने परत आणला. पुढे रूढ झालेला ‘दलित’ हा शब्दही याच घडणीचा.

शिंदे यांचे मूल्यमापन करताना या वादात त्यांची बाजू हरली एवढेच सांगून थांबणाऱ्यांनी त्यांच्यावर अन्याय केला आहे. जातिनामांची व्युत्पत्ती आणि इतिहास यांचा जो विचार त्यांनी ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ (१९३३) या ग्रंथात केला, तो साह्यकर्त्याच्या नव्हे तर संशोधकाच्या भूमिकेतून. आणि त्याच्या दहा वर्षे आधी, १९२३ मध्ये, मिशनचा कारभार आपणच पाहावा असे अस्पृश्य वर्गातील काही कार्यकर्त्यांना वाटू लागले, तेव्हा शिंदे कार्यकारी मंडळातून बाजूस झाले.