तोफेतला व्हॉल्व्ह आणि घरातला

देवळाली कॅम्पला राहणाऱ्या आमच्या एका शिक्षक-मित्राने वडिलांच्या जुन्या तबकड्या ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घ्यायचे ठरवले आणि निवडीला आम्हांला बोलावले. वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले. सरावाच्या तोफांनी जिथे खिडक्या हादरतात, तिथे ही काचेची वस्तू टिकेल का, अशी त्यांची शंका.

इतिहासाची साक्ष मात्र उलट आहे. १९०४ साली फ्लेमिंगने दोन अग्रांचा व्हॉल्व्ह केला; १९०६ मध्ये डी फॉरेस्टने त्यात तिसरे अग्र, म्हणजे जाळी, घातली. जाळीवरच्या किंचित व्होल्टतेने इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह कमीजास्त करता येऊ लागला. विवर्धन ते हेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शास्त्रज्ञांनी करंगळीहून लहान व्हॉल्व्ह चक्क तोफगोळ्याच्या टोकात बसवले. गोळ्यातून निघालेल्या रेडिओलहरी विमानावरून परतल्या की विमान जवळ आल्याचे कळे आणि गोळा फुटे. तोफेतून सुटताना त्या व्हॉल्व्हना गुरुत्वाच्या सुमारे २०,००० पट त्वरण सोसावे लागे. ५ जानेवारी १९४३ रोजी अशा गोळ्यांनी पॅसिफिक महासागरावर पहिले विमान पाडले.

शंका फिटली, निवड उरली. दुकानात दोन यंत्रे होती. एकावर मोठे, झगमगते व्हॉल्व्ह आणि ४० वॅटची पाटी. दुसरे मळकट, १० वॅटचे, पण उचलताना कंबर आठवावी इतके जड. मित्राचा कल पहिल्याकडे. आमचा दुसऱ्याकडे, कारण ते वजन ट्रान्सफॉर्मरचे होते.

१९४७ साली इंग्लंडमध्ये विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात १५ वॅटच्या अँप्लिफायरचा आराखडा दिला, त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दर्जावर मोठा भर होता. १९५४ मध्ये मुलार्ड कंपनीचा ५ व्हॉल्व्ह व १० वॅटचा आराखडा आला. त्यातले ईएल ८४ हे व्हॉल्व्ह पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवले. अशा जोडीला सुमारे ८,००० ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. गुणोत्तर १,०००, वेढ्यांचे गुणोत्तर त्याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे ३२. (बारावीच्या वर्गात फळ्यावर सोडवून दाखवावे असे हे गणित आहे.) खर्जाचे स्वर नीट यायचे तर गाभ्यात लोखंड भरपूर हवे. तिथे काटकसर केली की डग्गा पोकळ वाजतो.

आणि वॅटचे म्हणाल, तर १० चे ४० झाल्याने वाढतात फक्त ६ डेसिबेल. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दसपट लागते.

व्हॉल्व्हचा आवाज गोड असतो, असे दुकानदार सांगत होता. एकट्या व्हॉल्व्हच्या मंडलात मूळ स्वरात त्याच्याच वरच्या सप्तकातला स्वर थोडा मिसळतो, हे खरे. पण दोन व्हॉल्व्ह जोडीने आळीपाळीने काम करतात तेव्हा ही भेसळ बव्हंशी आपसांत कटते, आणि दुकानातली दोन्ही यंत्रे जोडीचीच होती. तेव्हा गोडव्यासाठी जादा पैसे देणे आम्हांला पटले नाही.

शेवटी जड यंत्र घरी आले. चालू करण्यापूर्वी जाणकार कारागिराकडून सुकलेले कपॅसिटर बदलून घेतले. आत सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही काही वेळ राहतात, म्हणून विद्यार्थ्यांचे हात लांब ठेवावेत.

वडिलांनी पहिली तबकडी लावली तेव्हा तोफांचा सराव चालूच होता. व्हॉल्व्ह शाबूत राहिले. सुई मात्र दोनदा उडाली.